रंगनाथ आवट्यांचा 'ने'

रंगनाथ आवट्यांचं तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता, त्यांच्या नावाचा 'ने' परत न्यायला नगरपरिषदेच्या प्रत्यय विभागाचा माणूस आला.

कौसल्याबाई तेव्हा ओट्यावर भाड्याच्या सतरंज्या झटकत होत्या. पाहुणे आदल्या दिवशीच पांगले होते. आलेल्या माणसाच्या खांद्याला कापडी पिशवी, हातात फाईल आणि खिशात दोन पेनं होती. चपला त्याने न सांगता पायरीखाली काढल्या.

"आवटे इथंच ना? मी लोमटे. प्रत्यय विभाग."

"या. बसा," कौसल्याबाई म्हणाल्या. "मला वाटलंच, आज-उद्या कुणीतरी येईल."

कासारशेतात मयताच्या घरी हे व्हायचंच. ज्याने एखादी गोष्ट केली त्याच्या नावाला 'ने' लावून ती सांगायची, ही रीत. मेलेला माणूस नवं काही करत नाही, म्हणून करणाऱ्याचा प्रत्यय त्याच्या नावापाशी अडकवून ठेवत नाहीत. 'ला' आणि 'चा' वर्षभर राहतात, कारण गेलेल्या माणसाला पान वाढावं लागतं आणि त्याचा सदरा खुंटीवर असतो. 'ने' मात्र तेराव्यानंतर जातो. गावात प्रत्यय मोजकेच, आणि जन्मणारी बाळं थांबत नाहीत.

"हा कुणाकडे जाणार?" कौसल्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवत विचारलं.

लोमट्यांनी फाईल उघडली. "तांबट गल्लीत एक मुलगी आहे, चार महिन्यांची. तिचं अजून 'ने'वाचून काही अडलेलं नाही. झोपते, रडते, हसते, दूध पिते. पण आता वस्तू धरायला लागलीय. परवा आजोबांचा चष्मा ओढला गेला, तर कुणी ओढला ते घरच्यांना सांगता येईना. रडकुंडीला आले."

"असू दे. लेकराचं व्हायला पाहिजे," कौसल्याबाई म्हणाल्या.

"बोलीतला 'नं' आणि लेखी 'ने' आम्ही एकच धरतो. आदरार्थी 'नी'सुद्धा त्यातच आला. मधला 'आ' मात्र तुमच्याकडे राहील, मावशी. 'रंगनाथाला', 'रंगनाथाचा' म्हणायला तो लागतो. प्रत्यय काढताना तेवढं जपावं लागतं. वरच्या आळीत पाटलांच्या वेळी आमच्या माणसानं घाई केली. प्रत्यय लागला की त्यांच्या नावातली 'ई' बाजूला होते, आणि प्रत्यय काढला की ती जागेवर यायला पाहिजे. आलीच नाही. त्यांच्या दारावर आजही 'पाटल' असं लिहिलेलं आहे."

"पाहिलंय मी," कौसल्याबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपली शंका विचारली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडी उखाण्यापुरतंच आलेलं. बाकी सगळं 'हे', 'ह्यांना', 'ह्यांचं'. नावाचा 'ने' त्यांनी वापरलाच नव्हता, तर तो त्यांच्याकडून कसा घेणार?

लोमट्यांना हा प्रश्न नवा नव्हता. "बायकोच्या तोंडचं 'ह्यांनी' म्हणजे नवऱ्याचं नावच, असा नियम आहे. लेकरांच्या तोंडचं 'बाबांनी' पण त्यातच. तेही जाईल."

"आणि 'हे'? जाऊबाई म्हणत होत्या, आता 'ते' म्हणायची सवय कर."

"'हे'चं 'ते' करणं आमच्या खात्यात येत नाही. ते नातेवाईक बघतात."

लोमट्यांनी नमुना चार बाहेर काढला आणि काय राहतं ते वाचून दाखवलं. आवटे आले, गेले, बसले, निजले, हे सगळं सांगता येईल. जेवले, प्यायले, म्हणाले, शिकले, विसरले, यालाही 'ने' लागत नाही. जे ते रोज करत, तेही 'करायचे' म्हणून सांगता येईल, त्याला काही बंधन नाही. जाणार ते एवढंच, की त्यांच्या हातून एकदा घडून पुरी झालेली कुठलीही गोष्ट यापुढे त्यांच्या नावाने सांगता येणार नाही.

रंगनाथ आवटे नगरपरिषदेत एकतीस वर्षं पाणी सोडण्याच्या कामावर होते. पहाटे पाचला सायकलवर लोखंडी चावी बांधून निघत, आळीआळीचे व्हॉल्व्ह पाळीप्रमाणे उघडत आणि बंद करत. असल्या माणसाचं आयुष्य 'करायचे'मध्ये जवळजवळ सगळं मावतं. लोमट्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी सहीची जागा दाखवली.

कौसल्याबाईंनी पेन हातात घेतलं नाही.

"साहेब, एक वाक्य सांगायचं राहिलंय. लेकीला."

"'ने'चं?"

"'ने'चंच. तिच्या लग्नातली एक गोष्ट आहे. तिला ती माहीत नाही."

"मग आज सांगून टाका. सव्वासहाला कचेरी बंद होते, तेव्हा हे लागू होईल. तोवर तुमचंच आहे."

"लेक जालन्याला असते. थोडी मुदत वाढवून मिळत नाही का?"

"मिळते की," लोमटे म्हणाले. "पण ज्याचा 'ने' त्यानंच अर्ज करायचा असतो." हे बोलताना त्यांनी फाईलकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

कौसल्याबाईंनी सही केली. रीतीप्रमाणे एकदा प्रत्ययासकट नाव उच्चारावं लागतं, म्हणून दाराकडे तोंड करून त्या हळू म्हणाल्या, "रंगनाथाने." लोमट्यांनी 'ने'साठी आणलेल्या पाकिटावर वेळ टाकली, पाकीट पिशवीत ठेवलं, तांब्यातलं पाणी पिऊन नमस्कार केला आणि गेले.

वैजूचा फोन बंद होता. ती जालन्यातल्या एका प्रसूतिगृहात नर्स होती आणि ड्यूटीवर फोन कपाटात ठेवावा लागे. जावयाचा, सुदामचा, फोन लागला.

"ती पावणेसातला येते घरी," सुदाम म्हणाला. "काही निरोप आहे का? मी सांगतो."

कौसल्याबाईंनी क्षणभर विचार केला. सुदामला सांगून उपयोग नव्हता. तो ते पावणेसातला बायकोला सांगणार, आणि तोवर 'ने' गेलेला असणार. चिठ्ठीचंही तेच. सव्वासहानंतर कागदावर त्या जागी कोरं पडतं, हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलं होतं. तोंडानेच सांगायला हवं होतं, आणि वैजूलाच, दवाखान्यात जाऊन का होईना.

"मीच येते," त्या म्हणाल्या.

दीडची गाडी मिळाली. तीन तासांचा रस्ता. साडेचारला जालना, पाचपर्यंत दवाखाना, वैजूला दारात बोलावून घ्यायचं आणि एका दमात सांगायचं. कौसल्याबाई खिडकीशी बसल्या आणि वाक्य मनात धरून राहिल्या, भरलेली कळशी डोक्यावर धरावी तसं, मान न हलवता.

अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर गाडी पंक्चर झाली. जादा चाक काढलं तर त्यातही हवा नव्हती. कंडक्टर म्हणाला, मागून दुसरी गाडी येतेय. ती चार वाजले तरी आली नाही, पाच वाजले तरी आली नाही. माणसं रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली. कौसल्याबाईंच्या शेजारी गयाबाई नावाची एक वयस्क बाई होती. बहिणीला भेटायला निघालेली, मांडीवर चिकूंची टोपली. तिने कौसल्याबाईंचं मोकळं कपाळ पाहिलं आणि दोन चिकू हातावर ठेवले.

"कधी झालं?"

"आज चौदावा दिवस."

"मग 'ने' गेला आसंल?"

"आज सव्वासहाला जातोय."

"आगं बाई," गयाबाई म्हणाली. "आन् तू हितं बसलीस?"

कौसल्याबाईंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. गाडीचा पत्ता नव्हता. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुणाला तरी सांगून ठेवावं, असंच त्यांना वाटलं असेल.

"माझ्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलं. एकोणीस वर्षं झाली. आमच्याच गावातला मुलगा, कुंभार आळीतला. मुलात काही खोट नाही. पण भावकी उठली. हे लग्नाला गेले नाहीत, आणि ह्यांनी मलाही जाऊ दिलं नाही. गाव म्हणायला लागलं, आवट्यांनी लेकीवर पाणी सोडलं. ते लेकीच्या कानावर गेलं, आणि तिथंच राहिलं."

"मानसं बोलत्यातच."

"कुंभार आळी टेकाडावर. तिसऱ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं. लग्न मे महिन्यातलं. दीडशे माणूस जेवायला, आणि सांगितलेला टँकर आला नाही. ह्यांना ते पहाटे कामावर गेल्यावर कळलं. पाळी खालच्या आळ्यांची होती. ह्यांनी खालचे तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि सगळं पाणी वर सोडलं. ह्यांनी एकतीस वर्षांत तेवढी एकदाच पाळी मोडली, बाई."

गयाबाईने चिकू सोलायचा थांबवला.

"खालच्या आळीत आमचीच भावकी. घरोघर रिकामे हंडे. तक्रार झाली, चौकशी झाली. ह्यांनी लिहून दिलं, 'माझ्याकडून पाणी सोडलं गेलं.' म्हणजे चुकून. त्यावर दोन महिने घरी बसवलं ह्यांना. आणि ह्यांनी मला शपथ घातली, वैजूला बोलायचं नाही. म्हणाले, मांडवात पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही, आता पाण्याचे उपकार कशाला सांगायचे."

"आन् लेकीला आजूक ठावं न्हाई?"

"दहाव्याला आली होती. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, 'बाबांनी माझ्यावर केव्हाच पाणी सोडलंय, आई. मी फक्त तुझ्यासाठी आले.' घर माणसांनी भरलेलं, शपथेचं ओझं, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दुपारच्या गाडीनं गेली."

गयाबाईने हातातला चिकू परत टोपलीत ठेवला. मग म्हणाली, "पानी तर सोडलंच की त्यांनी. लेकीवर का लेकीसाठी, येवढाच काय तो फरक."

"एवढाच," कौसल्याबाई म्हणाल्या.

पावणेसहाला गाडी आली. ती आधीच खच्चून भरलेली होती. कौसल्याबाई दांड्याला धरून उभ्या राहिल्या. पुढच्याच फाट्यावर गयाबाई उतरली. उतरताना तिने त्यांच्या दंडाला हात लावला. "मी ध्येनात ठेवीन," असं ती म्हणाली. पण सव्वासहानंतर तिलाही ते आपल्या बहिणीला सांगता येणार नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं.

जालना अजून वीस किलोमीटर होतं. कौसल्याबाई पुटपुटू लागल्या. ह्यांनी पाणी सोडलं. ह्यांनी पाणी सोडलं. समोरच्या बाकावरच्या माणसाने वर पाहिलं आणि उठून त्यांना जागा दिली. ह्यांनी पाणी सोडलं. बाहेर कपाशीच्या शेतांवर ऊन कलत होतं. ह्यांनी पाणी सोडलं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि त्यांनी वेळ कुणाला विचारलीही नाही. ह्यांनी पाणी सोडलं. ह्यांनी पाणी सोडलं. ह्यां

पाणी सोडलं.

त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ टाळ्याकडे गेली आणि रिकामीच परत आली. दुखलं नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसं फक्त वाटत राहिलं. पदराने तोंड पुसून त्या उरलेला रस्ता गप्प बसल्या.

वैजूचं घर दोन खोल्यांचं होतं. ती नुकतीच येऊन हातपाय धूत होती. आईला दारात पाहून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच सावध झाला. सुदामने चहा ठेवला. नात मुक्ता, दुसरीत जाणारी, आजीच्या पिशवीतून चिकू काढून वास घेत बसली.

"एवढं काय होतं, आई? फोनवर नाही सांगता आलं?"

"सव्वासहाच्या आत सांगायचं होतं."

वैजूला उमगलं. "अच्छा. बाबां..." तिने सुरुवात केली आणि तिचीही जीभ अडली. "गेला वाटतं."

"आजच."

"बरं," वैजू म्हणाली, आणि टॉवेल दोरीवर टाकला. "माझं त्यावाचून काही अडणार नाही."

कौसल्याबाई लोखंडी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. जे राहिलं होतं त्यातूनच काहीतरी जुळवायचं होतं. लोमट्यांनी वाचून दाखवलेलं त्यांना आठवत होतं.

"हे पाणी सोडायचे," त्या म्हणाल्या.

"माहितीये, आई. नोकरीच होती त्यांची."

"नाही, तुझ्या लग्नाच्या दिवशी. तुझ्या लग्नाच्या दिवशी हे पाणी सोडायचे." त्यांना स्वतःलाच ते कानाला लागलं. लग्न एकदाच झालं होतं. एका दिवसाला 'सोडायचे' बसत नाही. फणी मोडावी तसं वाक्य मधेच मोडलं.

सुदामने गॅस बारीक केला.

कौसल्याबाईंनी दुसरीकडून सुरुवात केली. 'च्या' अजून वर्षभर होता, तो वापरता येत होता. "तुझ्या लग्नाच्या दिवशी ह्यांच्याकडून कुंभार आळीला पाणी सोडलं गेलं."

"सोडलं गेलं म्हणजे? चुकून?"

"चुकून नाही."

"मग 'सोडलं गेलं' काय म्हणतेस? माझ्याकडून सुई मोडली गेली म्हणजे मी मुद्दाम मोडली का?" वैजूचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. "ऐकलंय मी ते. चौकशी झाली होती, सासरी कळलं होतं नंतर. त्यांची चूक झाली आणि आमचं लग्न पार पडलं. चुकीनं का होईना."

आता कौसल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या वाक्याने नवऱ्याची नोकरी वाचली होती, तेच वाक्य त्या लेकीपुढे घेऊन आल्या होत्या.

"त्या दिवशी पाणी आलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हो, आलं," सुदाम स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. आमच्या आळीच्या नळाला इतकी धार कुणी कधी पाहिली नव्हती. माझी आई मरेपर्यंत सांगायची, देवानं पाणी धाडलं म्हणून."

देवाचा 'ने' कुणी परत नेत नाही. कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मुक्ताच्या हाताला लागून पाण्याचा गडू आडवा झाला. फरशीवरून पाणी पलंगाखाली गेलं.

"मुक्ता! तू पाणी सांडलंस ना?"

"मी नाही सांडलं."

"मग कुणी सांडलं? तूच सांडलंस."

वैजूने फडकं आणलं आणि ती खाली बसून पुसू लागली. कौसल्याबाई पुसणाऱ्या हाताकडे पाहत होत्या, पण कान मागेच राहिला होता. तू सांडलंस. मी नाही सांडलं. एकाही ठिकाणी 'ने' नव्हता, आणि कुणाचंच काही अडलं नव्हतं. ज्याच्याविषयी बोलायचं त्यालाच समोर घेतलं, तर प्रत्यय लागतच नव्हता.

एक्केचाळीस वर्षं त्या नवऱ्याला समोरासमोर 'तुम्ही' म्हणत आल्या होत्या. तेराव्यानंतर गेलेल्याला हाक मारू नये म्हणतात, त्याचा जीव घुटमळतो. कौसल्याबाईंनी तेवढा एकच विचार केला. मग त्या पलंगावर थोड्या सरकल्या, शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि त्या जागेकडे तोंड करून बोलल्या.

"तुम्ही हिच्या लग्नाच्या दिवशी पाणी सोडलंत."

वैजूचा हात फरशीवर थांबला.

"टँकर आला नाही हे तुम्हाला कळलं. तुम्ही खालच्या तिन्ही आळ्या बंद केल्यात. आपल्या माणसांचं पाणी तोडलंत आणि सगळं वर सोडलंत, जाणून-बुजून. आणि चौकशीत चूक झाली म्हणून लिहून दिलंत. मला शपथ घातलीत. आज मी ती मोडते आहे, मला काय बोलायचं ते बोला."

सुदामने गॅस बंद केला आणि मुक्ताला कडेवर घेऊन तो बाहेर ओट्यावर गेला.

वैजू फडकं हातात धरून फरशीवरच बसून राहिली. आधी तिने आईकडे पाहिलं. मग आईच्या शेजारच्या जागेकडे. पलंगपोसावर निळी फुलं होती आणि दुसरं काही नव्हतं.

"मी वाट बघितली होती," ती त्या जागेला म्हणाली. "अक्षता पडेपर्यंत मी मान वळवून वळवून दाराकडे बघत होते. बायका मला ओरडत होत्या. तुम्ही आला नाहीत." ती थांबली. "एवढं केलंत, तर एकदा सांगितलं का नाहीत? एकोणीस वर्षं होती. कासारशेत काही परदेश नाही."

ती उत्तराची वाट पाहत होती, आणि कौसल्याबाईही पाहत होत्या.

"बाबा," वैजूने विचारलं. आवाज आता लहान मुलीसारखा झाला होता. "किती वेळ सोडलं होतंत?"

ह्याचं उत्तर कौसल्याबाईंना माहीत होतं. त्या दिवशी नवरा घरी आल्यावर सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं, वेळेसकट. पण ते उत्तर 'ह्यांनी' म्हणून देता येत नव्हतं, आणि 'तुम्ही' म्हणून दिलं तर ते विचारणारीला दिल्यासारखं होत नव्हतं. लेक तर बापाला विचारत होती. कौसल्याबाई उठल्या आणि त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसल्या.

"मी चार तास सोडलं," त्या म्हणाल्या. "सहा ते दहा."

वैजूने मान वर केली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग?"

"मग वरून कुणीतरी ओरडलं, पिंपं भरली. मी व्हॉल्व्ह बंद केला आणि टाकीपाशी तिथंच बसलो. तिथून तुमचा मांडव दिसत होता. वाजंत्री ऐकू येत होती."

'बसलो' असंच त्या म्हणाल्या. वैजूने ते दुरुस्त केलं नाही.

"काही खाल्लंत का त्या दिवशी?"

"कन्यादान होईपर्यंत बापानं खायचं नसतं," कौसल्याबाई म्हणाल्या. "मुहूर्त साडेबाराचा होता. तोवर मी पाणीही प्यायलो नाही."